मुंबईत कमी पगारात भाड्याची खोली शोधताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरकाम करणाऱ्या ताया, वॉचमन, डिलिव्हरीवाली पोरं, गावाहून नुकतंच आलेलं एखादं कुटुंब, सगळ्यांचे प्रश्न फिरून तेच येतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. जागांची माहिती मुंबई, ठाणे, नवी मुंबई, वसई-विरार इथली आहे पण कायद्याचं जे लिहिलंय ते महाराष्ट्रात सगळीकडे चालतं. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय निघाला तर तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा.

१. आमच्या घरात दोघांचे मिळून वीस-बावीस हजार येतात, भाड्याला किती घालावेत?

कमाईच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ नका, म्हणजे तुमच्या हिशोबात सहा-सात हजार. पण नुसतं भाडं बघून फसायला होतं. भाडं, लाईटबिल, पाण्याचे पैसे, दोघांचा प्रवास आणि पोरांच्या शाळेची रिक्षा, सगळं एका कागदावर लिहा आणि बेरीज करा. समजा एक खोली साडेपाच हजारांची आहे पण स्टेशनला जायला रोज दोघांचे शेअर रिक्षाचे ८० रुपये जातात, तर महिन्याच्या २५ दिवसांचे २००० झाले, म्हणजे ती खोली साडेसात हजारांची झाली. मग स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरची सात हजारांची खोली स्वस्त पडते की नाही? हा हिशोब खोली बघायला जायच्या आधी करायचा, नंतर नाही.

२. स्वस्त खोल्या नक्की कुठे मिळतात?

मध्य रेल्वेवर कळवा, मुंब्रा, दिवा, पुढे कल्याणचा पूर्व भाग, टिटवाळा, अंबरनाथ, बदलापूर. पश्चिमेला नालासोपारा, विरार. नवी मुंबईच्या बाजूला दिघा, तुर्भे, घणसोली आणि तिथल्या गावठाणातल्या खोल्या. मुंबईतच राहायचं असेल तर गोवंडी, मानखुर्द, साकीनाका, भांडुपच्या डोंगराकडचा भाग (उतारावरची खोली नको, प्रश्न ७ बघा), मालाडचं मालवणी, धारावी.

सेकंड क्लासचा महिन्याचा पास भाड्यातल्या फरकापुढे काहीच नाही, म्हणून लोक लांब जातात आणि ते बरोबरच आहे, फक्त आपल्या कामाची वेळ बघून ठरवा. दिवा-मुंब्र्याहून सकाळी आठ-नऊला लोकल पकडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून माणसं गेली. आणि घरकाम करणाऱ्या तायांना माझं स्पष्ट सांगणं आहे की कामाची घरं जिथे आहेत त्याच्या चालत अंतरावरच राहा, खोली छोटी चालेल. तुमची चार कामं दोन तासांच्या अंतराने असतात, बदलापूरला राहिलात तर त्यातली दोन सुटतील आणि भाड्यात वाचलेले पैसे तिथेच जातील.

३. म्हाडा किंवा सरकार भाड्याने घरं देतं का?

म्हाडाची लॉटरी मालकी हक्काच्या घरांची असते, भाड्याच्या नाही. मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला ६ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेले अत्यल्प गटात येतात आणि ९ लाखांपर्यंतचे अल्प गटात. अर्ज करायला काहीच हरकत नाही, पण लागेल तेव्हा लागेल, आज डोक्यावर छप्पर हवंय त्याला त्याचा उपयोग नाही.

भाड्याच्या घरांचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) २००८ साली १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना काढली होती, पुढे ती योजनाच बदलली आणि पनवेलजवळच्या कोन गावातली त्यातली घरं २०१६ च्या लॉटरीत गिरणी कामगारांना दिली, तीही दोन शेजारशेजारच्या खोल्या मिळून एक घर अशी. केंद्राने २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली आणि सप्टेंबर २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्येसुद्धा भाड्याच्या घरांचा वेगळा भाग आहे. राज्याच्या मे २०२५ च्या गृहनिर्माण धोरणातही भाड्याच्या घरांचा विषय आहे. पण अर्ज भरला की नंबर लागून भाड्याची खोली मिळाली, असं साध्या कुटुंबासाठी मुंबईत अजून झालेलं नाही हे धरून चाला. कुणी "सरकारी भाड्याच्या घरात नाव घालून देतो, पाच हजार द्या" म्हणालं तर एक रुपया देऊ नका.

४. ब्रोकरशिवाय खोली कशी शोधायची?

पायी. खरंच सांगते, स्वस्त खोल्या अ‍ॅपवर येतच नाहीत, सहा हजारांची खोली अ‍ॅपवर टाकायची मालकाला गरजच पडत नाही, शेजारच्या शेजारी जाते. ज्या वस्तीत राहायचंय तिथल्या किराणा दुकानदाराला, पिठाच्या गिरणीवाल्याला, इस्त्रीवाल्याला, दूधवाल्याला विचारा. कोण खोली सोडून गावाला चाललंय हे त्यांना महिनाभर आधी माहीत असतं. महिन्याच्या २० ते ३० तारखेच्या मध्ये फिरा, खोल्या तेव्हाच रिकाम्या होतात. मे महिन्यात शाळेच्या सुट्टीमुळे जास्त हलवाहलव होते तेव्हा निवड पण जास्त मिळते.

आपल्या तालुक्याचं मंडळ, महिला बचत गट, भजनी मंडळ, कामावरचा सुपरवायझर, सगळ्यांच्या कानावर घालून ठेवा. ओळखीतून खोली मिळाली की डिपॉझिटपण कमी होतं, कारण मालकाला तुमची खात्री देणारा माणूस मध्ये असतो.

५. ब्रोकर किती घेतो? खोली दाखवायचेच पैसे मागतोय, द्यायचे का?

रिवाज एक महिन्याच्या भाड्याचा आहे, ११ महिन्यांच्या करारावर, आणि तो करार झाल्यावर द्यायचा. दाखवायचे पैसे देऊ नका. करार पुन्हा करताना ब्रोकर परत दलाली मागतात, मालकाशी तुमचं थेट बोलणं असेल तर ती द्यायची काही गरज नाही, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

टोकनचं मात्र सांभाळा. "अजून दोघं बघून गेलेत, आत्ता पाच हजार टाका" असं म्हणून घाई करतात आणि एकच खोली चौघांना दाखवून चौघांकडून टोकन घेऊन फोन बंद होतो. खोली आतून बघितल्याशिवाय, मालकाला समोरासमोर भेटल्याशिवाय आणि त्याच्या नावाचं लाईटबिल बघितल्याशिवाय टोकन नाही. मालक गावाला आहे म्हणाले तर व्हिडिओ कॉल करा आणि पैसे ब्रोकरच्या नाही, मालकाच्या खात्यात टाका.

६. डिपॉझिट किती असावं? कायद्यात लिमिट आहे का?

महाराष्ट्राच्या कायद्यात लिमिट नाही. दोन महिन्यांच्या भाड्याएवढंच डिपॉझिट असं जे तुम्ही ऐकलंय ते केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल कायद्यातलं आहे, तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, आपल्याकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदाच चालतो. त्यामुळे जे ठरेल ते, चाळीतल्या किंवा वस्तीतल्या खोलीला १५-२० हजारांपासून ५० हजारांपर्यंत मागतात. एकदम जमत नसेल तर अर्धं आता आणि अर्धं तीन महिन्यांत असं बोलून बघा, बरेच मालक ऐकतात, फक्त ते करारात लिहून घ्या. व्याजाने पैसे काढून डिपॉझिट भरू नका, महिन्याला पाच टक्क्यांनी ५० हजार काढले तर अडीच हजार नुसतं व्याज, म्हणजे भाड्यात अडीच हजारांची भर. परत मिळायचं कसं ते प्रश्न १५ मध्ये आहे.

७. खोली बघायला गेल्यावर काय काय बघायचं?

एकदा दुपारी जा आणि एकदा पाण्याच्या वेळेला जा. दुपारी पत्र्याखाली दहा मिनिटं बसून बघा, मे महिन्यात तिथे तान्हं बाळ झोपेल का ते कळतं. भिंतीला नवा रंग असेल तर खाली जमिनीपासून हातभर उंचीवर तळवा दाबून धरा, ओल असली तर हाताला गारवा लागतो आणि रंगाचे फुगे पडलेले दिसतात, ही खोली पावसाळ्यात गळणार किंवा खालून पाणी चढणार. मालकाला विचारू नका, शेजारच्या बाईला विचारा की गेल्या जुलैमध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं, ती भिंतीवर बोट ठेवून दाखवते.

पाण्याच्या वेळेला गेलात की नळ किती वेळ येतो, मोटर लावावी लागते का, किती घरांत एक नळ आहे हे समजतं. संडास कॉमन असेल तर सकाळी सहा-साडेसहाची रांग बघा आणि रात्री तिथे जायच्या वाटेवर लाईट आहे का ते बघा, घरात मुली असतील तर हे सगळ्यात आधी. माळ्यावर झोपायचं असेल तर शिडी धरून चढून बघा, वयस्कर माणूस चढू शकेल का.

डोंगरउतारावरची आणि संरक्षक भिंतीला टेकलेली खोली फुकट दिली तरी घेऊ नका. जुलै २०२१ मध्ये चेंबूरच्या भारतनगरला आणि विक्रोळीला दरड आणि भिंत कोसळून माणसं गेली ती अशाच घरांमधली होती.

८. बिल्डिंग अनधिकृत आहे हे कसं ओळखायचं? भाडेकरूला त्याचं काय?

भाडेकरूलाच तर त्याचं आहे, कारण तोडायला आले की नुकसानभरपाईच्या यादीत भाडेकरू नसतोच. नालासोपारा पूर्वेला ४१ अनधिकृत इमारती कोर्टाच्या आदेशाने पाडल्या, शेवटच्या २०२५ च्या सुरुवातीला पडल्या, त्यात भाड्याने राहणारी कुटुंबंही रस्त्यावर आली. आणि जिवाचं म्हणाल तर मुंब्र्याजवळ शिळफाट्याला एप्रिल २०१३ मध्ये अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण गेले, विरारला ऑगस्ट २०२५ मध्ये १७ जण गेले.

ओळखायचं कसं, तर मालकाकडे बिल्डिंगची ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मागा, महापालिकेच्या मालमत्ता कराची पावती मागा. नुसती कराची पावती म्हणजे बिल्डिंग अधिकृत असं नाही, अनधिकृत बांधकामालाही कर लागतो. वॉर्ड ऑफिसमध्ये (वसई-विरार, ठाणे, कल्याण-डोंबिवलीत प्रभाग समितीत) जाऊन बिल्डिंगचं नाव सांगून नोटीस आहे का विचारा. धोकादायक इमारतींची यादी पावसाळ्याआधी जाहीर होते, त्यात सी-१ लिहिलं असेल तर ती रिकामी करायची बिल्डिंग आहे, तिथली खोली कितीही स्वस्त असू दे. आता खरं हेही आहे की सहा हजारात ओसीवाली बिल्डिंग सहज मिळत नाही, मग निदान नोटीस नसलेली, तळमजल्याची किंवा एक मजली चाळ बघा. खांबाला भेगा गेलेल्या पाच मजली इमारतीपेक्षा ती बरी.

९. अ‍ॅग्रीमेंट नोटरी करायचं की रजिस्टर? मालक म्हणतो ११ महिन्यांना रजिस्टर लागत नाही.

लागतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठराविक मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी, म्हणजे नेहमीचा ११ महिनेवाला) करार लेखी आणि रजिस्टर असायलाच हवा, ११ महिने असो नाहीतर ३ महिने. आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, त्याने केलं नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच कलमात असंही आहे की रजिस्टर करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जाईल, उलट सिद्ध करायचं काम मालकाचं. ही गोष्ट मालकाला शांतपणे सांगितली की बरेचदा तो स्वतःच तयार होतो, कारण फायदा त्याचाही आहे.

खर्चाची लोकांना उगाच भीती असते. स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के. समजा भाडं ८०००, ११ महिने, म्हणजे ८८,०००. डिपॉझिट ५०,०००, त्यावर वर्षाचे १० टक्के धरतात ते ५०००. झाले ९३,०००, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे २३२ रुपये ५० पैसे. रजिस्ट्रेशन फी महापालिका हद्दीत १०००. वर कॉम्प्युटरवाल्याची घरी येऊन अंगठा घ्यायची जी फी असेल ती. नोंदणी विभागाच्या साईटवर ऑनलाईन होतं, दोघांची आधारकार्डं आणि दोन साक्षीदार लागतात, ऑफिसला जावं लागत नाही. खर्च अर्धा-अर्धा करा. ज्या कागदावर डिपॉझिट, रेशन, पोरांची शाळा सगळं अवलंबून आहे त्याच्यासाठी हे पैसे वाचवू नका.

१०. वस्तीतली खोली आहे, मालकाकडेच जागेचे कागद नाहीत, मग?

अशा ठिकाणी नोटरीवरच भागवतात. करार झालाच नाही त्यापेक्षा तो बरा, पण त्याचा जोर रजिस्टरएवढा नाही हे मनात ठेवा. मालकाचा फोटोपास (झोपडीधारकाला सरकारकडून मिळणारा ओळखपास), त्याच्या नावाचं लाईटबिल, आधार, या सगळ्यांचे फोटो स्वतःकडे ठेवा. डिपॉझिट कॅशमध्ये देऊच नका, आणि द्यावंच लागलं तर कागदावर रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या आणि शेजारच्या दोन माणसांच्या सह्या. भाडं यूपीआयने द्या आणि खाली "जून भाडं खोली नं. ४" असं लिहा. कॅश दिलीत तर पावती मागा, पावती देणं कायद्याने सक्तीचं आहे.

११. पोलीस व्हेरिफिकेशनचे मालक आमच्याकडून दोन हजार मागतोय.

मुंबई पोलिसांच्या साईटवर भाडेकरूची माहिती फुकट भरता येते आणि ती भरायची जबाबदारी मालकाची आहे. फोटो आणि आधारची कॉपी द्या, बाकी काही द्यायचं नाही. पोलिसांची "परवानगी" असा काही प्रकार नसतो, ती नुसती माहिती कळवायची असते. कळवल्याची पावती मात्र मागून घ्या, पुढे उपयोगी पडते.

१२. मालक दरवर्षी भाडं किती वाढवू शकतो?

लिव्ह अँड लायसन्समध्ये जे लिहिलंय तेवढं. बहुतेक करारांत ५ ते १० टक्के लिहितात. मुदत चालू असताना मध्येच वाढवता येत नाही. वर्षाला ४ टक्क्यांचं जे ऐकता ते जुन्या, भाडे नियंत्रणाखालच्या भाडेकरूंसाठी आहे, म्हणजे पागडीवाले (प्रश्न १८), ११ महिनेवाल्यांना ते लागू नाही. एकच खोली दोन-तीन वर्षं हवी असेल तर करारच २४ किंवा ३६ महिन्यांचा करा, ६० महिन्यांपर्यंत करता येतो, वाढ आधीच लिहून ठेवा. दरवर्षी सामान उचलायचा खर्च कुणी मोजत नाही पण टेम्पो, नवी दलाली आणि शाळा बदलणं धरलं तर तो भाडेवाढीपेक्षा मोठा असतो.

१३. सबमीटरला युनिटमागे १५ रुपये घेतात, बरोबर आहे का?

नाही. मालकाला वीज विकायचा धंदा करता येत नाही, मूळ बिल जेवढं तेवढाच तुमचा वाटा. शहरात बेस्ट, उपनगरात बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा, भांडुप-मुलुंडपासून पुढे ठाणे-कल्याणकडे महावितरण, ज्याचं असेल त्याचं मूळ बिल बघायला मागा आणि युनिटने भागा. प्रत्यक्षात या मुद्द्यावर भांडण घालून खोली सोडायची वेळ येते म्हणून मी सांगते की खोली घेतानाच दर ठरवा, करारात लिहा आणि राहायला आलात त्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढा.

१४. भाडं एक महिना थकलं म्हणून मालकाने पाणी तोडलं, लाईट काढली. कुलूप लावायची धमकी देतोय.

भाडं थकलं तरी हे त्याला करता येत नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे पाणी, लाईट, संडास, जिन्यातला दिवा या गरजेच्या सोयी योग्य कारणाशिवाय तोडणं गुन्हा आहे. आधी तोडलेल्या वायरीचे, बंद नळाचे फोटो काढा, मालकाला मेसेजवर लिहून विचारा की लाईट का काढली, त्याचं उत्तर हाच पुरावा होतो. मग पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या आणि पोचचा शिक्का घ्या. सामान बाहेर फेकतायत किंवा अंगावर येतायत असं असेल तर सरळ ११२ ला फोन.

खोली खाली करून घ्यायची तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) किंवा कोर्टात जायला हवं, गुंड आणून नाही. पण दुसरी बाजूपण ऐका. कराराची मुदत संपल्यावरही तुम्ही बसून राहिलात तर त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं लागू शकतं. त्यामुळे मुदत संपायच्या दोन महिने आधीच ठरवा, राहायचं की निघायचं.

१५. खोली सोडली, मालक डिपॉझिट देत नाही, "नवा भाडेकरू आला की देतो" म्हणतो.

चावी देताना डिपॉझिट हातात, हा नियम करारातच लिहायचा असतो. नोटीस एक महिन्याची लेखी द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि शक्यतो पोस्टाने पण. सोडायच्या दिवशी मालकासमोर खोलीचा व्हिडिओ काढा, रंग, नळ, पंखा, काच, सगळं. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्यायचं का, हे मालकाशी आधी बोला, तो हो म्हणाला तर तेच सगळ्यात सोपं. तरी अडलं तर वकिलाची नोटीस, ती फुकट मिळते, प्रश्न २४ बघा.

१६. हेवी डिपॉझिटवर घर घ्यावं का? चार लाख द्या आणि भाडं नाही असं सांगतायत.

गावची जमीन विकून आलेल्या पैशांनी लोक हे करतात आणि माझा जीव यातच सगळ्यात जास्त घाबरतो. ते चार लाख मालक खर्च करून टाकतो, परत द्यायची वेळ आली की तो पुढच्या हेवी डिपॉझिटवाल्याची वाट बघतो. घरावर बँकेचं कर्ज असलं आणि मालकाने हप्ते बुडवले तर बँक घर सील करते, तुमचे चार लाख बँक ओळखत नाही. करायचंच असेल तर करार रजिस्टर, पूर्ण रक्कम करारात लिहिलेली, पैसे चेकने किंवा बँकेतून, आणि घरावर कर्ज नाही याचं सोसायटीकडून पत्र. यातलं एक जरी नाही म्हणाले तरी सोडून द्या.

१७. एसआरएच्या बिल्डिंगमधली खोली स्वस्त मिळतेय. आणि झोपडपट्टीत भाड्याने राहिलो तर पुढे एसआरएत घर मिळेल का?

एसआरएत (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत) मिळालेलं घर ठराविक वर्षं होईपर्यंत विकायला किंवा भाड्याने द्यायला बंदी असते. ती मुदत झालेली नसताना घेतलीत तर एसआरएच्या तपासणीत घर खाली करायला लावतात आणि मालक हात वर करतो. म्हणून ताबा कधी मिळाला त्या पत्राची तारीख बघा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. पात्रता परिशिष्ट-२ च्या, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या सरकारी यादीवर ठरते आणि त्यासाठी त्या झोपडीत राहत असल्याचे पुरावे १ जानेवारी २००० च्या आधीचे लागतात, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना अडीच लाख भरून घर असं आहे. आज भाड्याने आलेल्याचं त्यात नाव लागत नाही, लावून देतो म्हणणारा खोटं बोलतोय.

१८. पागडीची खोली कमी भाड्याची असते ना?

पागडी म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन घेतलेली जुनी, भाडे नियंत्रणाखालची भाडेकरी. भाडं दोन-चारशे असतं पण आत शिरायलाच लाखो रुपये लागतात आणि हस्तांतर करताना मालक त्याचा हिस्सा घेतो. तुमच्यासाठी नाही. पागडीवाला भाडेकरू तुम्हाला त्याची खोली पोटभाड्याने देत असेल तर मूळ मालकाची लेखी संमती आहे का बघा, नाहीतर त्याच्याबरोबर तुम्हीपण बाहेर.

१९. आडनाव ऐकून, धर्म ऐकून खोली नाही म्हणतात. सोसायटी एनओसी देत नाही. काय करायचं?

हे रोज होतं आणि याची चीड येते. मुंबईत मराठी माणसाला मराठी म्हणून जागा नाकारतात, तेव्हा बातमी होते, पण दलित आणि मुसलमान कुटुंबांना वर्षानुवर्षं नाकारतात त्याची होत नाही.

सोसायटीच्या बाबतीत तुमची बाजू पक्की आहे. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगीच लागत नाही, सभासदाने आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची कॉपी द्यायची, एवढंच. बिनभोगवटा शुल्कसुद्धा (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही आणि ते मालकाकडून घ्यायचं असतं. सोसायटी अडवत असेल तर मालकाने उपनिबंधकांकडे तक्रार करायची. एकट्या खासगी मालकाने तोंडावर नाही म्हटलं तर मात्र त्याला भाग पाडेल असा सरळ मार्ग नाही. जातीवरून शिवीगाळ झाली असेल तर तो अ‍ॅट्रॉसिटीचा विषय आहे, तिथे गप्प बसू नका.

२०. रेशनकार्ड गावचं आहे आणि पोरगीला शाळेत घालायचंय, पत्ता कुठला?

रेशनसाठी पत्ता बदलायची घाई नको, एक देश एक रेशनकार्ड योजनेत गावच्या कार्डावर इथल्या रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, आधार जोडलेलं हवं. शाळेत आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल तर भाडेकरार रजिस्टरच लागतो आणि तो अर्जाच्या आधीचा लागतो, नोटरीचा चालत नाही. दरवर्षी कितीतरी मुलांचे नंबर लागूनही यावर प्रवेश जातात म्हणून प्रश्न ९ परत वाचा.

२१. मी एकटी बाई, नोकरी करते, खोली कुणी देत नाही.

नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची सरकारी योजना आहे, आता तिला सखी निवास म्हणतात. महानगरात महिन्याला ५० हजारांपर्यंत पगार असलेल्यांना चालते, मुलं बरोबर ठेवायलाही ठराविक वयापर्यंत परवानगी असते, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. जागा कमी असतात, नाव नोंदवून ठेवा. तोपर्यंत कामावरच्या दोघी-तिघींनी मिळून वन आरके घ्यायची, करारात सगळ्यांची नावं घालायची, एकीच्याच नावावर नको.

२२. आज रात्रीच राहायला जागा नाही.

महापालिकेची बेघरांसाठी निवारा केंद्रं असतात, वॉर्ड ऑफिस किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला विचारा. घरातून मारहाण करून काढलं असेल तर महिलांनी १८१ ला फोन करा.

२३. करार नवऱ्याच्या नावावर होता, तो सोडून गेला. मालक म्हणतो तुझं नाव नाही, निघ. आणि मालकाने घर विकलं किंवा नवरा वारला तर?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नवरा सोडून गेला किंवा त्रास देऊन काढतोय तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात भाड्याचं घरसुद्धा तुमचं राहतं घर धरलं जातं, करार कुणाच्या का नावावर असेना. कोर्ट नवऱ्याला भाडं भरायला किंवा दुसरी सोय करून द्यायला सांगू शकतं. हा हक्क नवऱ्याविरुद्ध आहे, मालकाचं भाडं त्यामुळे थांबत नाही, तेव्हा मालकाशी बोलून करार आपल्या नावावर नवा करा.

मालकाने घर विकलं तर लिव्ह अँड लायसन्स नव्या मालकावर आपोआप बंधनकारक नसतं. घर विकायला काढलंय असं कळलं की लगेच जुन्या मालकाकडे डिपॉझिट मागा किंवा तिघांच्या सहीने ते नव्या मालकाकडे वळवा.

ज्याच्या नावावर लायसन्स तो वारला तर ते वारसाला मिळत नाही, नवा करार लागतो. पागडीच्या भाडेकरूचं वेगळं, तिथे बरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे हक्क जातो. म्हणूनच करार करताना नवरा-बायको दोघांची नावं घाला, जास्त पैसे लागत नाहीत.

२४. वकील परवडत नाही, कुठे जायचं?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, ते प्रत्येक जिल्हा कोर्टाच्या आवारात असतं, फोन १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, बाकीच्यांना वार्षिक ३ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. नोटीस पाठवण्यापासून केस लढण्यापर्यंत सगळं येतं त्यात. मुंबईत घरमालक-भाडेकरूंचे दावे लघुवाद न्यायालयात चालतात, धोबी तलावला. जाताना करार, भाड्याच्या यूपीआयच्या नोंदी, लाईटबिलं, मालकाशी झालेल्या मेसेजचे प्रिंट आणि तारखांप्रमाणे काय घडलं ते एका पानावर लिहून न्या, तिथला वकील दिवसाला पंचवीस माणसं बघतो, तुमचं पान त्याच्या समोर असलं की तुमचं काम त्याच दिवशी सुरू होतं.